डावी भुवई

१२ नोव्हेंबर

ताई,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. नुसतं 'ताई' बरं वाटलं. तेवढं तरी तुला नाकारता यायचं नाही.

माझा नंबर तू बंद करून टाकलायस हे मला टायरवाल्याच्या फोनवरून लावल्यावर कळलं, कारण त्याच्याकडून बेल वाजली. माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास, तेही कळलं. लायब्ररीत केला तर तुमचा तो नाकात बोलणारा माणूस 'मॅडम संदर्भ विभागात आहेत' असं सांगतो, जसं काही तू चंद्रावर गेलीयस. पत्र मात्र पोस्टमन देतोच. फाडायचंच असेल तर हे एक वाक्य वाचून मग फाड. दादा दिसलाय. एकाला नाही, तिघांना.

आता बस आणि पुढचं वाच.

दादाचा शेवटचा फोन ज्या गावातून आला होता तिथेच मी आलोय. डोंगराखालून बोगदा काढतायत ते गाव. बोगदा आता झाला म्हणे, पलीकडचा उजेड दिसायला लागला. मी टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली हवा भरायचं मशीन सुरू झालं की माझी खाट भिंतीपासून थोडीथोडी सरकते आणि सकाळी मी खोलीच्या मध्यावर असतो. तू म्हणायचीस ना, हा एका जागी टिकत नाही. आता झोपेतही टिकत नाही. खिडकीतून बसडेपो दिसतो. एक कुत्रं आहे, ते प्रत्येक बसमध्ये चढतं आणि कंडक्टरने हाकललं की अशा तोऱ्यात उतरतं की त्याला तिथेच उतरायचं होतं. त्याच्यावर मी एक अख्खं पान लिहू शकेन. पण ते राहू दे.

पोलिसांत दिलेली तक्रार अजून तिथेच कपाटावर आहे, तिच्यावर ते चहाचा कप ठेवतात. बोगद्याच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, ठेकेदाराची माणसं आमच्या यादीत नसतात. ठेकेदार दुसऱ्या कामावर निघून गेला, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून मी पोस्टर काढलं. माझ्याकडे दादाचा फोटो एकच, निघायच्या आदल्या दिवशी सलूनमध्ये केस कापून झाल्यावर त्याने काढून पाठवलेला. खाली लिहिलं होतं, 'ओळखलंस का?' छापखान्यात हातबीत कापून छातीपर्यंतचा ठेवला. छापखानेवाला म्हणाला, "काहीतरी खूण लिहा हो, खुणेशिवाय माणूस सापडत नाही." मग खाली बारीक अक्षरांत घातलं : उंच, सावळा, कमी बोलणारा, वेल्डर, डाव्या भुवईवर जखमेची जुनी खूण.

आणि ताई, माणसं बोलायला लागली गं!

पहिला डेपोतला तिकीटवाला. पोस्टर बघताक्षणी म्हणाला, "अरे, हा ना? हा तर गेला की उत्तरेच्या गाडीने. गप्प असतो. डाव्या भुवईवर अशी रेघ." दुसरा पुढच्या गावातला औषधवाला. तो म्हणाला, "खोकल्याचं औषध नेलं त्याने. मी विचारलं, भुवईला काय लागलं होतं? तर नुसता हसला." हसला, ताई! उत्तर द्यायचं सोडून नुसतं हसायचं, हे दादाशिवाय कोण करतं? तिसरा ट्रकवाला. तो म्हणाला, "घाट उतरेपर्यंत माझ्या शेजारी बसला होता. चकार शब्द नाही. डावीकडे ती खूण, माझ्या मेव्हण्याला आहे अगदी तशी."

तिघं तीन गावांतले, एकमेकांच्या ओळखीचे नाहीत आणि तिघांचंही म्हणणं एक. 'दोन माणसांनी वेगवेगळं सांगितल्याशिवाय मी कागदावर घेत नाही,' असं तू म्हणायचीस. घे, मी तीन आणली.

चौथीही एक आहे, पण ती मोजायची नाही. बोगद्याच्या कॅम्पवर स्वयंपाक करणारी म्हातारी. तिला सगळे कप्तानीण म्हणतात, कारण तिचा नवरा जहाजावर कप्तान होता असं ती सांगते. मला पहिल्या दिवशी तसंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी तो सर्कशीत गेलेला होता. दादाची खूणही तिने धड सांगितली नाही. मी दुरुस्त केली तर तोंड फिरवून कांदे चिरत बसली.

आईला अजून काही बोललेलो नाही. तू हो म्हणालीस की मगच सांगेन. पाडायला काढलेल्या बिल्डिंगमध्ये आता ती एकटीच उरलीय, हे तुला माहीत असेलच. शेजारची भिंत पाडली, वरचं पाणी तोडलं, तरी हलत नाही. 'त्याच्याकडे ह्या दाराची चावी आहे, दुसऱ्या दाराची नाही,' हे एकच वाक्य. लॅचमध्ये माझी चावी फिरली तरी आतून 'आलास का रे?' अशी हाक येते, आणि मी दिसलो की 'तू होय' म्हणते. तुला सांगतो, त्या 'तू होय'साठीच मी घर सोडून हिंडत असतो.

त्या दिवशी तू 'तो गेला असं धरून चल आई' म्हणालीस आणि तुझी चावी टेबलावर ठेवून निघालीस, तेव्हा मी तुला जे बोललो ते मला आठवतंय. ते इथे लिहीत नाही.

उत्तर दे.

तुझा
भिंगरी


२१ नोव्हेंबर

ताई,

माझंच पत्र मला परत आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिना उतरता उतरता तिथेच बसलो. टायरवाला म्हणाला, "काय हो, नोकरी लागली का?" उघडलं तर माझीच पानं. मायना नाही, आशीर्वाद नाही, शिवीसुद्धा नाही. समासात नुसती पेन्सिल. एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध तपासावा तसं तू माझं पत्र तपासलंस!

'दिसलाय' ह्या शब्दाखाली रेघ, बाजूला : 'कधी? कुठल्या महिन्यात?' तिकीटवाल्याच्या बाजूला : 'पोस्टर त्याने आधी किती वेळा पाहिलं होतं?' औषधवाल्याच्या बाजूला : 'हसला हे त्याने सांगितलं की तू विचारलंस?' ट्रकवाल्यापाशी : 'ह्याला तुला बरं वाटावंसं का वाटलं?' आणि मोठ्या अक्षरांत : 'तू कुणाला काय विचारलंस, तुझे शब्द जसेच्या तसे लिही.' शेवटी : 'पोस्टरची प्रत पाठव.'

आईला काही बोललेलो नाही असं जिथे लिहिलं होतं, तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह.

दिवसभर मी तुझ्यावर धुमसत होतो. म्हटलं, हिचा भाऊ सापडतोय आणि ही महिना विचारते. मग कुत्रं बसमध्ये चढताना आणि उतरताना पाहिलं आणि सुचलं, विचारून तर बघू. पत्रात तू एवढी हुशारी दाखवतेस तर तुला खोटं पाडायलाच जाऊ.

तिकीटवाल्याला म्हटलं, कधी पाहिलंत ते नीट आठवा. त्याने मला खिडकीच्या आत बोलावलं. ताई, मी पोस्टर बाहेरून काचेला लावलं होतं असं मला वाटत होतं. त्याने कौतुकाने एक आतूनही लावून घेतलंय, अगदी डोळ्यांसमोर. म्हणाला, "तिकिटं घेणारे हात तेवढे दिसतात मला, तोंडं कोण बघतं. तोंड म्हणाल तर दिवसभर ह्याचंच समोर. आता इतका ओळखीचा झालाय की ह्याने तिकीट घेतलं नसेल असं वाटतच नाही."

औषधवाल्याने कपाळाला हात लावला. "खोकल्याचं औषध सगळेच नेतात हो. बोगद्याची धूळ आहे." मी म्हटलं, पण तो हसला म्हणालात? "तुम्हीच विचारलंत ना, हसला का म्हणून? कुणीतरी हसलं होतं खरं."

मी विचारलं होतं, ताई. पोस्टर पुढे धरून विचारलं होतं, 'काही बोलला का? की नुसता हसला? तो असाच हसतो.' हे माझे शब्द, जसेच्या तसे. तू मागितलेस म्हणून लिहिले.

ट्रकवाला ट्रकखाली पडून काहीतरी पिळत होता. तो बाहेर न येताच बोलला. "खरं सांगू? तू पोस्टर धरून असा उभा होतास की नाही म्हणवेना. म्हटलं, पोराच्या तोंडावर जरा कळा येईल. माझं काय गेलं?" मग पाना मागितला. मी दिला. काय करणार होतो?

तरीही मी अजून हात टेकलेले नाहीत. ती खूण राहतेच ना? पोस्टरवर ती मुंगीच्या अक्षरांत आहे, रस्त्यात उभं राहून कोण वाचतं? तिघांच्याही तोंडी डावी भुवई आली. बाकी सगळं गळून पडलं तरी तेवढं उरतं. निदान एकाने तरी त्याला खरंच पाहिलं असणार. पोस्टर सोबत पाठवतोय. बघ तूच.

आणि ते प्रश्नचिन्ह. आईला मी सांगितलं होतं. पत्र पेटीत टाकायच्या आधीच. राहवलं नाही.

"आई, दादा दिसला," एवढंच म्हणालो. तिने एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. कुठे नाही, कसा नाही. "येईल तेव्हा दमलेला असेल," म्हणाली आणि फोन तसाच ठेवून कामाला लागली. मला डबे उघडल्याचे आवाज येत होते.

तिचं सामान हलवायला तू टेम्पो पाठवला होतास, हे मला नंतर खालच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. तिने परत पाठवला. "मुलगा यायचाय, आता कशाला हलू?" असं म्हणाली. तिला घेऊन जायचं एवढ्या दिवसांनी तू जुळवत आणलं होतंस, आणि मी एका फोनने ते मोडलं. जिन्याचा कठडाही आता काढलाय म्हणतो तो. ती भिंतीला धरून उतरते, बादली घेऊन.

रागाव. पण ह्या वेळी पेन्सिलने नको.

भिंगरी


३० नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. 'खिसा कुठल्या बाजूला आहे ते बघ. खूण उजव्या भुवईवर आहे, तिथे माझी ओढणी धरून मी दवाखान्यापर्यंत चालले होते.'

पहिली ओळ मला कळलीच नाही. खिसा? कुणाचा? मग पोस्टर समोर धरलं. दादाच्या शर्टाला उजव्या बाजूला खिसा. मी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. डाव्या. टायरवाल्याच्या शर्टाकडे पाहिलं. डाव्या. डेपोत जाऊन ओळीने उभ्या माणसांच्या छात्या बघत सुटलो. एका बाईने नवऱ्याला मागे ओढलं. जगात सगळ्यांचा खिसा डावीकडे, माझ्याच भावाचा उजवीकडे.

सलूनच्या आरशात काढलेला फोटो होता तो. फोन धरलेला हात होता त्यात. तोच हात मी छापखान्यात कापायला लावला, फोटो नीट दिसावा म्हणून.

दादा पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडला तेव्हा मी रांगत होतो. मला ती खूण भुवईवर आहे एवढंच माहीत. कुठल्या, ते मी फोटोवरून लिहिलं. त्याच्या समोर बसून मी त्याला बघितलं, तू त्याच्या शेजारी बसायचीस. फरक एवढाच.

म्हणजे तिघांनी सांगितली ती माझीच चूक मला सांगितली. मी लिहिलं, भिंतीला चिकटवलं, त्यांनी वाचलं आणि मलाच परत दिलं. आणि मी ते गोळा करून हर्षाने नाचत तुला पाठवलं. त्यांतल्या एकानेही दादाला पाहिलेलं नाही. खरा पाहिला असता तर एखादा तरी चुकला असता ना गं? एखादा तरी म्हणाला असता, नाही हो, उजव्या.

हे लिहिता लिहिताच मी पेन खाली ठेवलं होतं. कारण एकजण म्हणाली होती.

कप्तानीण. कॅम्पच्या भटारखान्यात मी पोस्टर तिच्या नाकासमोर धरलं, तेव्हा तिने ते बाजूला सारलं होतं. जवळचं डोळ्यांना दिसत नाही म्हणाली, तूच सांग कोण ते. मी सांगायला लागलो, वेल्डर, उंच, भुवईवर खूण, आणि ती म्हणाली, "उजव्या भुवईवर. तो पोरगा." आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "डाव्या, मावशी, डाव्या." ती म्हणाली, "नाही रे, उजव्या. माझ्याकडे असायची ती बाजू." मी पोस्टरवर बोट ठेवून तिला दाखवलं. हसून दाखवलं, ताई. लहान मुलाला शिकवावं तसं. मग ती म्हणाली, "असेल बाबा, तू म्हणतोस तर," आणि कांद्यांकडे वळली. तिला पुढे काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले होते. मी तोवर दाराबाहेर होतो, तिकीटवाल्याकडे निघालेलो.

तिचं बोलणं मी 'धड नाही' म्हणून तुला एका ओळीत कळवलं. तू तिथे पेन्सिलने एक बारीक टिंब केलं होतंस. मला वाटलं, पेन्सिल टेकली असेल.

कॅम्प इथून फार लांब नाही. बसने जाता येतं, चालतही जाता येतं. मी तिकडे गेलेलो नाही. काल निघालो आणि डेपोतून परत आलो. आज बूट शिवायला दिले. टायरवाल्याला टायर उतरवायला मदत केली, त्याने बोलावलं नव्हतं तरी. कुत्र्याला आंघोळ घालावी असंही मनात येऊन गेलं. तुला कळतंय ना काय चाललंय माझं? 'बोलला' नाही, 'गेला' नाही, ती म्हणाली, 'माझ्याकडे असायची ती बाजू.' असायची.

खोटं सांगणाऱ्यांकडे मी धावत गेलो. हिच्याकडे माझा पाय निघत नाही.

तुझ्याकडे येऊन तुझ्या त्या टेबलापाशी बसावंसं वाटतं. तू पुस्तकं काढत राहावीस आणि मी नुसतं बसावं. वाचनकक्षात बोलायला बंदी असते ना? तेच बरं होईल.

भिंगरी


८ डिसेंबर

ताई,

गेलो.

पोस्टर घेतलं नाही. डेपोपासून कॅम्पपर्यंत जेवढी होती तेवढी वाटेत फाडत गेलो. तिकीटवाला आतलं देईना. म्हणाला, "राहू दे की, सवय झालीय." तिथेच ठेवून आलो.

कॅम्प उठतोय. पत्रे उतरवून ट्रकवर चढवत होते. भटारखान्याच्या तीन भिंती गेल्या होत्या, चूल आणि खांब तेवढे उरले होते. कप्तानीण मोठ्या पातेल्यांत छोटी पातेली घालत बसली होती. मला पाहून म्हणाली, "आला का मास्तर, डावं-उजवं शिकवायला!"

मी पातेली पुसायला घेतली. काय विचारायचं ते वाटेत घोकत गेलो होतो. भाऊ म्हणायचं नाही, खूण म्हणायचं नाही, वेल्डर म्हणायचं नाही. म्हटलं, "मावशी, इथे जेवायला कोण कोण बसायचं, ते सांग ना."

आधी नवरा आला. कप्तानही, सर्कसवालाही. मी सगळं ऐकून घेतलं. मग एक ड्रिलवाला, भातात पाणी ओतून खाणारा. एक मुकादम, त्याला शिव्या. मग ती त्या उरलेल्या खांबाकडे बघून म्हणाली, "आणि तिथे तो. खांबाला डावा खांदा टेकून बसायचा. ही बाजू चुलीकडे," असं म्हणून तिने स्वतःच्या उजव्या भुवईवर पिठाचं बोट ओढलं. "बोलायचा नाही. मी काही विचारलं की हसायचा. चहात मीठ घालायचा, चिमूटभर. मी म्हणायची, अरे साखर इकडे आहे. तर हसायचा."

ताई, मीठ. ते पोस्टरवर नव्हतं. ते कुठेच लिहिलेलं नाही.

मी विचारलं नाही, तीच सांगत गेली. ताप आला. घाटाचा रस्ता दरड पडून बंद होता, गाडी वर येत नव्हती, खाली जात नव्हती. छाती भरली. इथे त्याला सगळे वेल्डर म्हणायचे, वेल्डर म्हणूनच हजेरी लागायची, घर कुठे ते कुणी विचारून ठेवलं नव्हतं. फोन भिजून कधीच गेलेला. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. "गळ्यात दोऱ्याला चावी होती," ती म्हणाली. "मुकादम म्हणाला, काढून घ्या, कुणाला द्यायला होईल. मी काढू दिली नाही. म्हटलं, राहू दे त्याच्यापाशी. घरी पोचल्यावर दार कसं उघडेल?"

मी हातातलं पातेलं पुसतच राहिलो. ती म्हणाली, "अरे, पुसलं ते. खाली ठेव."

आता तू समासात लिहिशील, हे एकीचं झालं. दुसरं?

म्हणून दवाखान्यात गेलो. दवाखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, कंपाउंडर तिला कुलूपच घालत होता. त्याचं आणि कप्तानिणीचं बोलणं बंद आहे. तिने त्याच्या बकरीला काहीतरी खायला घातलं आणि ती मेली, असं त्याचं म्हणणं. बकरी आधीपासूनच आजारी होती, असं तिचं. त्या दिवसापासून तो जेवायलाही खाली उतरत नाही, हे बाहेर पत्रे उतरवणाऱ्यांनी मला हसत हसत सांगितलं. म्हणजे तुझ्या भाषेत ही दोन माणसं एकमेकांपासून वेगळी. इतकी वेगळी साक्ष तुला लायब्ररीतही मिळायची नाही.

त्याला म्हटलं, रस्ता बंद होता तेव्हा इथे कोण आजारी होतं? तो म्हणाला, "तेव्हाचं कशाला काढता? एक वेल्डर होता. माझ्याकडे जे होतं ते दिलं, ते पुरण्यासारखं नव्हतं." मग कुलपाशी चाळा करत म्हणाला, "गळ्यातली चावी तापाने चटका बसेल इतकी गरम व्हायची. काढ म्हटलं तर मूठ घट्ट करायचा. असा." आणि त्याने मूठ मिटून दाखवली.

बोगद्याच्या तोंडाशी, डोंगराच्या बाजूला, एक लोखंडी सळई उभी केलीय, तिला आडवी दुसरी जोडलेली. त्याच्याबरोबरच्यांनी वेल्डिंग केलंय. जोड सुबक आहे. नाव नाही. मी तिथे बसलो होतो. काय वाटलं ते लिहिता येत नाही, आणि तू पुरावा मागतेस, त्यात वाटलेलं बसत नाही.

तुझे सगळे प्रश्न संपले, ताई. स्वतः पाहणारे दोघं. एकमेकांकडून ऐकलेलं नाही, माझ्याकडून तर नाहीच. त्यांना ह्यातून काही मिळायचं नाही. कुठेही न लिहिलेली गोष्ट दोघांच्याही तोंडी. इतकी पक्की माहिती मी आयुष्यात पहिल्यांदा मिळवली आणि मला ती नको आहे. तो ट्रकवाला मला परत भेटावा आणि पुन्हा तसंच खोटं बोलावा, असं वाटतं.

तू तेव्हा जे म्हणालीस ते खरं निघालं. पण तेव्हा ते तुलाही माहीत नव्हतं. तू नुसता अंदाज बांधून आईला सांगितलंस. तुझ्या पेन्सिलीत स्वतःसाठी जागा नव्हती का गं? हे भांडायला लिहीत नाही. तुलाही थांबून राहणं सोसवलं नाही, मलाही नाही. तू त्याला मारून मोकळी झालीस, मी जिवंत करून.

आता आईला सांगायचं आहे. दादा दिसला म्हटलं तेव्हा तिने एक प्रश्न विचारला नाही. आता विचारेल. कुणी सांगितलं? तू पाहिलंस का? ती बाई खोटारडी नाही कशावरून? तुझा एकूण एक प्रश्न ती विचारेल आणि प्रत्येक उत्तर तयार आहे, हेच मला सोसवत नाही. चहातल्या मिठापर्यंत गेलो की ती पुढे काही विचारणार नाही. त्या वेळी मला तिथे एकट्याने उभं राहायचं नाहीये. तू ये. माझ्यासाठी नको येऊस, रागही सोडू नकोस. येताना तो घेऊन ये हवं तर.

मी चार दिवसांनी निघतो. हे पत्र माझ्या आधी तुझ्याकडे पोचेल, कारण मला दोनदा गाडी बदलायची आहे आणि मी वाटेत कुठे उतरेन ह्याचा भरवसा तुलाही नाही, मलाही नाही. पण ह्या वेळी उतरणार नाही.

बिल्डिंगला पोचेन. कठडा नसलेल्या जिन्याने वर जाईन. माझी चावी खिशात आहे, डाव्या. पण ती लावली तर लॅच वाजेल आणि आतून हाक येईल, 'आलास का रे?' आणि ह्या वेळी मला 'तू होय' ऐकवणार नाही. म्हणून मी दाराबाहेरच्या पायरीवर बसून राहीन, तू येईपर्यंत. खाली तुझी पावलं वाजली की उठेन.

मग आपण दोघं कडी वाजवू. कडी वाजली की तिला कळेल, ज्याच्याकडे चावी आहे तो हा नव्हे.

भिंगरी